बिगुल अंगणात येईपर्यंत



आजच्या भागात आपण एका आवाजाचा इतिहास ऐकणार आहोत. हा आवाज तुम्ही टीव्हीवर ऐकलेला आहे, काही जणींनी गावात प्रत्यक्षही ऐकला असेल. एखादा जवान कामी येतो किंवा एखादी मोठी व्यक्ती जाते. पार्थिवावर तिरंगा असतो. गणवेशातली माणसं रांगेत उभी असतात, बंदुका उलट्या धरलेल्या असतात. हवेत फैरी झडतात आणि मग बिगुलाचा एक लांब, हळू सूर निघतो. दुसऱ्या दिवशी पेपरात एकच वाक्य येतं, 'शासकीय इतमामात अंत्यसंस्कार करण्यात आले.'

इतमाम म्हणजे मानमरातब, थाट. पण त्या थाटातल्या एकेका गोष्टीचा अर्थ आपल्याला कुणी सांगत नाही. आपण बायका पदर सावरून लांब उभ्या राहतो आणि रडतो. तो बिगुल काय म्हणतो, कुठून आला, आधी कुणासाठी वाजायचा आणि आपल्या गावात कधीपासून वाजायला लागला, हे आज समजून घेऊ. शेवटी तुमच्या बैठकीसाठी दोन-तीन प्रश्नही आहेत.

लग्नातला बँड कुणाचा?

सुरुवात ओळखीच्या बँडपासून करू या. लग्नाच्या वरातीतले बँडवाले आठवा. लाल किंवा निळा कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर टोपी, हातात क्लॅरिनेट, ट्रंपेट आणि पोटावर मोठा ढोल. हा वेश आपल्याकडच्या वाजंत्र्यांचा नव्हे. तो इंग्रजी फौजेच्या बँडवरून उचललेला आहे. कंपनी सरकारच्या पलटणी इथं आल्या, त्यांच्यासोबत त्यांचे बँड आले. पुढे देशी शिपायांच्या पलटणींनाही बँड मिळाले. राजे-संस्थानिकांनी आपापले बँड उभे केले, आणि तिथून ही वाद्यं बाजारपेठेच्या गावांत आणि लग्नांत शिरली.

यात आपल्या शेजारच्या गोव्याचा मोठा वाटा आहे. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना कागदावर लिहिलेलं संगीत वाचायला शिकवत. त्यामुळे पोलिसांच्या आणि लष्कराच्या बँडमध्ये गोव्याचे वादक पुष्कळ दिसायचे. पुढे मुंबईत बोलपट आले, तेव्हा याच वादकांनी सिनेमाच्या गाण्यांमागचे वाद्यवृंद भरून काढले.

त्याआधी आपल्याकडे काही नव्हतं असं नाही. मराठ्यांच्या काळात नौबत होती, नगारे होते, कर्णा, शिंग आणि तुतारी होती. मोठ्या देवस्थानांत आजही चौघडा झडतो. ही वाद्यं केवळ करमणुकीची नव्हती. लढाईच्या गदारोळात माणसाचा आवाज पोचत नाही, म्हणून हुकूम वाद्यातून द्यायचा. निघा, थांबा, दरवाजा बंद झाला, सरदार आले, हे सगळं लोकांना आवाजावरून कळायचं. फौजेतला बिगुल हेच काम करायचा. सकाळी उठवायचा तोच, जेवायला बोलवायचा तोच आणि झोपायला सांगायचाही तोच.

इथं एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. आपल्या कितीतरी गावांत मयतापुढे हलगी वाजवणं हे ठरावीक जातींवर लादलेलं काम होतं. वाजवणाऱ्याला मान नव्हता, मोबदला म्हणून शिळंपाकं मिळायचं. मृत्यूच्या वेळी ज्याच्या वाद्याशिवाय चालत नसे, त्यालाच दारात उभं करत नसत. फौजेच्या बँडमध्ये ढोल वाजवणाऱ्या जवानाला मात्र गणवेश असतो, हुद्दा असतो, पगार आणि निवृत्तिवेतन असतं. चामड्याचं वाद्य दोन्हीकडे सारखंच. एकीकडे त्याच्यापायी माणूस खाली ढकलला गेला, दुसरीकडे त्याच वाद्यानं माणसाला इज्जतीची नोकरी दिली. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार होते. पुढे १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. ज्यांना गावानं दूर ठेवलं त्यांच्यासाठी फौजेच्या गणवेशाचं मोल काय होतं, ते यावरून लक्षात येतं.

दिवस संपल्याची खूण

आमच्या एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं होतं, "बंदुका उलट्या का धरतात हो? विसरले की काय असं वाटतं." प्रश्न अगदी बरोबर आहे. एकेक खूण उलगडून पाहू.

बंदुकीची नळी जमिनीकडे करून, मान खाली घालून जवान उभे राहतात. त्या वेळी 'शोक शस्त्र' असा हुकूम होतो. एरवी शस्त्र सज्ज ठेवायचं हा शिपायाचा धर्म. इथं ते उलटं धरून सांगतात की या माणसापुढे आम्ही शस्त्र खाली केलं आहे.

मग फैरी. शहीद जवानाच्या अंत्यसंस्कारात साधारणपणे तीन फैरी झाडतात. युरोपातल्या जुन्या लढायांमध्ये मेलेल्यांना उचलून नेण्यासाठी दोन्हीकडची लढाई थोडा वेळ थांबायची. आपले मृत उचलून झाले, आता पुन्हा तयार आहोत, हे कळवायला तीन फैरी झाडत, असं या प्रथेचं मूळ सांगतात. बरेच जण याला 'एकवीस तोफांची सलामी' म्हणतात, पण ती वेगळी. एकवीस तोफा प्रजासत्ताक दिनासारख्या समारंभात राष्ट्रगीताच्या वेळी होतात. बंदुकीच्या तीन फैरी म्हणजे निरोप.

शवयात्रेपुढे बँड असेल तर ढोलांवर काळं कापड घालतात, म्हणजे आवाज दबून येतो. पावलं अगदी हळू पडतात. त्या संथ चालीसाठी हँडेल या संगीतकाराची एक रचना जगभरच्या फौजांत वाजवत आले आहेत. ती पहिल्यांदा १७३९ मध्ये लंडनमध्ये वाजली, म्हणजे इकडे बाजीराव पेशव्यांच्या काळात.

आणि शेवटी बिगुल. त्या सुरांना इंग्रजीत 'लास्ट पोस्ट' म्हणतात. इथं 'पोस्ट' म्हणजे पत्र नव्हे, पहारा. रात्री छावणीत अधिकारी एकेका पहाऱ्यावर फिरून सगळं ठीक आहे ना ते पाहायचा. शेवटचा पहारा पाहून झाला की बिगुल वाजायचा. त्याचा अर्थ एवढाच, की आजचं काम झालं, आता झोपा. मुळात हा रोजचा, साधा इशारा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजी फौजेत तो दफनाच्या वेळी वाजवायला लागले. ज्या शिपायाला रोज रात्री हे सूर झोपायला सांगायचे, त्याला त्याच सुरांनी शेवटचं झोपायला सांगायचं. तुझा पहारा संपला, बाबा.

त्यानंतर थोडा वेळ शांतता असते. मग बिगुलवादक आणखी एक धून वाजवतो. ती सकाळी उठवायची असते. आपल्याकडे भूपाळी असते तशी. दिवस संपला आणि पुन्हा उजाडलं, एवढं बोलून बिगुल थांबतो.

सूर वाजले, नावं राहिली

हा मान सुरुवातीपासून सगळ्यांना सारखा मिळत होता का? तर नाही.

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे. लोक त्याला 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात, कारण घराघरातून फौजेत जायची रीत. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान कामी आले. गावात त्यांची आठवण सांगणारं स्मारक आहे. त्या काळी हे जवान लढले कुठे? फ्रान्समध्ये, आफ्रिकेत, इराकमध्ये. इराकमधल्या कुत या गावी डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत फौजेला वेढा पडला होता. त्यात मराठा पलटणी होत्या. अन्न संपलं, माणसं उपासमारीनं आणि आजारानं गेली, आणि शेवटी शरण जावं लागलं.

त्या युद्धात इराककडे मेलेल्यांसाठी बसरा इथं मोठं स्मारक बांधलं. ४०,००० हून अधिक मृतांची त्यावर नोंद आहे. इंग्रज सैनिकांची नावं कोरली. हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. साध्या हिंदी शिपायांची मात्र नावं नव्हती, पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा होता. म्हणजे कोकणातली किंवा माणदेशातली एखादी आई समुद्र ओलांडून तिथं पोचली असती, तरी तिला आपल्या लेकाचं नाव वाचायला मिळालं नसतं.

ही गोष्ट जुनी म्हणून सोडून देऊ नका. या स्मारकांची देखभाल करणाऱ्या संस्थेनं एप्रिल २०२१ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धातल्या हजारो हिंदी आणि आफ्रिकी सैनिकांना बरोबरीचा मान दिला गेला नाही, हे त्यात कबूल केलं आणि माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना, पण मागितली.

दुसरी बाजूही सांगते. बेल्जियममधल्या ईपर गावात मेनिन गेट नावाची मोठी कमान आहे. तिथं १९२८ पासून रोज रात्री आठ वाजता गावातले बिगुलवादक हेच सूर वाजवतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी गाव घेतलं तेवढा काळ सोडला, तर यात खंड नाही. त्या कमानीवरच्या ५४,००० हून जास्त नावांत आपल्याकडच्या शिपायांचीही नावं आहेत. आपण रात्रीची जेवणं आवरून झोपलेल्या असतो, तेव्हा तिकडे परक्या गावातली माणसं आपल्या लोकांसाठी उभी असतात.

ज्या बंदुकांनी मारलं, त्यांनीच वंदन केलं

आता आपल्या उंबऱ्यापाशी येऊ. नवी मुंबईहून उरणकडे निघालं की चिरनेर लागतं. २५ सप्टेंबर १९३० रोजी तिथल्या अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रह झाला. रानातलं लाकूड तोडायला इंग्रज सरकारनं बंदी घातली होती. चुलीला सरपण कुठून आणायचं हा प्रश्न तेव्हा सगळ्यात आधी बायकांचाच असणार. आजूबाजूच्या गावांतले लोक जमले, आणि पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. ते चिरनेर, जुई, कोप्रोली, पाणदिवे, खोपटे, दिघोडे अशा गावांतले होते. त्यांत आगरी होते, कोळी होते, कातकरी होते, न्हावी होते.

त्या दिवशी त्यांच्यासाठी कुठला बिगुल वाजला असेल? सरकारच्या दप्तरी ते गुन्हेगार होते. आज मात्र दर २५ सप्टेंबरला चिरनेरला पोलीस येतात, ओळीत उभे राहतात आणि हवेत फैरी झाडून याच हुतात्म्यांना मानवंदना देतात. १९३० मध्ये पोलिसांच्या बंदुका लोकांवर रोखलेल्या होत्या, आता त्या आकाशाकडे असतात. मधे काय घडलं, तर देश आपला झाला. स्वातंत्र्य म्हणजे काय हे एखाद्या लहान मुलीला समजावून सांगायचं असेल, तर तिला त्या दिवशी चिरनेरला न्या.

नवी मुंबईच्या जमिनीला आणखी एक आठवण चिकटलेली आहे. शहरासाठी घेतलेल्या जमिनींचा रास्त मोबदला मिळावा म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दास्तान आणि नवघर इथं गोळीबार झाला आणि पाच शेतकरी गेले. दरवर्षी जानेवारीत जासई आणि आजूबाजूच्या गावांत लोक जमतात आणि त्यांना वंदन करतात. मान देण्याचं काम फक्त सरकारचं असतं असं नाही. गावानं आठवण धरली तर ती धरली जाते.

परके सूर, आपले सूर

स्वातंत्र्य आलं तेव्हा फौजेचे बँड, बिगुल, कवायत हे सगळं इंग्रजांकडून जसंच्या तसं हातात आलं. त्याचं काय करायचं?

३१ जानेवारी १९४८ ला दिल्लीत गांधीजींची अंत्ययात्रा निघाली, ती लष्कराच्या व्यवस्थेखाली. पार्थिव लष्करी गाडीवर होतं, आणि ती गाडी जवानांनी दोरखंडांनी ओढत नेली. जन्मभर अहिंसा सांगणाऱ्या माणसाला शस्त्रधाऱ्यांनी निरोप द्यावा, हे तेव्हाही काहींना खटकलं. पण नव्या देशाकडे सर्वोच्च मान दाखवायची दुसरी रीत तयार नव्हती.

राष्ट्रगीताच्या निवडीतही बँडचा प्रश्न आला होता, हे फार जणींना माहीत नसेल. ऑगस्ट १९४८ मध्ये पंडित नेहरूंनी निवेदन केलं, त्यात 'जन गण मन' वाद्यवृंदावर आणि बँडवर चांगलं वाजतं, 'वंदे मातरम्' तसं वाजवणं कठीण आहे, असा मुद्दा होता. आळंदीत जन्मलेले आपले मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांना ते पटलं नाही. त्यांनी 'वंदे मातरम्' बँडवर वाजेल अशी चाल बांधली आणि दिल्लीला जाऊन ती ऐकवली. २४ जानेवारी १९५० ला 'जन गण मन' राष्ट्रगीत ठरलं आणि 'वंदे मातरम्'ला बरोबरीचा मान मिळाला. त्याच वर्षी मध्य प्रदेशात पचमढीला लष्करी बँडच्या वादकांना शिकवणारी शाळा सुरू झाली.

दर २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात तिन्ही दलांचे बँड संध्याकाळी एकत्र वाजतात. सूर्य मावळला की लढाई थांबवून छावणीत परतायचं, या जुन्या रीतीचा तो समारंभ. त्यात अनेक वर्षं 'अबाइड विथ मी' ही धून वाजायची. संध्याकाळी देवाची सोबत मागणारं ते ख्रिस्ती भजन, गांधीजींच्या आवडीचं. २०२२ मध्ये ते वगळलं आणि त्या जागी 'ऐ मेरे वतन के लोगों' वाजवलं. काहींना हा बदल आवडला, काहींना गांधीजींची आवड वगळल्याचं वाईट वाटलं. दोन्ही बाजूंचं म्हणणं समजण्यासारखं आहे.

पण आपल्यासाठी त्यात एक धागा आहे. चीनच्या युद्धात गेलेल्या जवानांसाठी केलेलं हे गाणं २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत पहिल्यांदा गायलं गेलं. लिहिलं कवी प्रदीप यांनी. चाल बांधली सी. रामचंद्र यांनी, म्हणजे तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. आणि गायल्या लता मंगेशकर. विजय चौकात बँडवर हे सूर वाजले २९ जानेवारी २०२२ ला. पुढे आठच दिवसांनी, ६ फेब्रुवारीला, लतादीदी गेल्या. दादरच्या शिवाजी पार्कवर, तिरंग्यात, शासकीय इतमामात त्यांना निरोप दिला गेला.

त्याच्या महिनाभर आधी, ५ जानेवारीला, पुण्यात सिंधुताई सपकाळ यांनाही शासकीय इतमामात निरोप दिला होता. महानुभाव पंथाच्या रीतीनं त्यांचं दफन झालं. गरोदरपणी घरातून हाकललेली, स्मशानात राहिलेली, चितेच्या निखाऱ्यांवर भाकरी भाजून खाल्लेली ही बाई. पूर्वी हा मान मुख्यतः पंतप्रधान, केंद्रीय मंत्री अशा पदांवरच्या लोकांपुरता असायचा. आता राज्य सरकारही ठरवू शकतं की कुणाला द्यायचा. म्हणून तो हजारो लेकरांच्या माईपर्यंत पोचला.

कारगिलनंतर

आता मुख्य गोष्ट. हा बिगुल आपल्या अंगणात कधी आला?

१९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत कामी आलेल्या बहुतेक जवानांवर आघाडीजवळच अंत्यसंस्कार होत. घरी यायची ती तार. मागाहून कधी अस्थी, कधी ट्रंक, त्यात गणवेश, घड्याळ, पत्रं. आपल्या आज्यांच्या पिढीतल्या कितीतरी वीरपत्नींनी नवऱ्याचं शेवटचं दर्शन घेतलंच नाही. काही जणी वर्षानुवर्षं दाराकडे बघत राहिल्या, कारण डोळ्यांनी पाहिलं नाही ते मनाला पटत नाही.

१९९९ च्या कारगिल युद्धात हे बदललं. जवानांची पार्थिवं विमानानं आणि मग गाडीनं त्यांच्या गावी पाठवायला सुरुवात झाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक उभे राहिले, शाळेची मुलं आली, फुलं पडली. त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत लोकांनी तो बिगुल पहिल्यांदा स्वतःच्या कानांनी ऐकला. साहेबासाठी सुरू झालेला मान शेवटी शेतकऱ्याच्या लेकापर्यंत, त्याच्याच शिवारात येऊन पोचला.

त्या वेळी काय होतं ते माहीत असू द्या. पार्थिवावरच्या तिरंग्याचा केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला असतो. ध्वज चितेत जाळत नाहीत, दफनातही खाली सोडत नाहीत. अग्नी देण्याआधी तो काढून, नीट घडी घालून कुटुंबाच्या हाती देतात. बहुतेक वेळा तो पत्नीच्या किंवा आईच्या हाती येतो.

त्याच घटकेला आत काय चालतं?

मैत्रिणींनो, इथं मला तुमच्याशी थोडं स्पष्ट बोलायचं आहे.

बाहेर बिगुल वाजतो. देश म्हणतो, या माणसाचा आम्हाला अभिमान आहे. आणि त्याच घरात, त्याच दिवशी, त्याच माणसाच्या बायकोच्या बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात, मंगळसूत्र तोडतात. हे करणारे हात बहुतेक वेळा बायकांचेच असतात. बाहेर तिच्या नवऱ्याला वंदन आणि आत तिचा अपमान. एका घरात ही दोन कामं एकाच वेळी कशी चालतात?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं हा प्रश्न स्वतःला विचारला. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की आमच्या गावात विधवा प्रथा पाळायच्या नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. हा ठराव फक्त वीरपत्नींसाठी नाही, नवरा गेलेल्या प्रत्येक बाईसाठी आहे. शेतात साप चावून गेलेल्या माणसाच्या बायकोसाठी बिगुल वाजत नाही. निदान तिच्या बांगड्या तरी शाबूत राहाव्यात.

फौजेच्या नियमातही अशी एक गाठ होती. शौर्य पदक मिळालेला जवान गेला, की पदकासोबतचा भत्ता त्याच्या पत्नीला मिळतो. पण तिनं दुसरं लग्न केलं तर तो बंद व्हायचा. चालू राहायला एकच वाट होती, दिराशीच लग्न करायचं. नोव्हेंबर २०१७ मध्ये संरक्षण मंत्रालयानं ही अट काढून टाकली. कुणाशी लग्न करायचं हे आता ती ठरवेल, भत्ता चालू राहील.

साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ ला काश्मीरमध्ये कुपवाड्याला शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी परीक्षा दिली, चेन्नईला प्रशिक्षण घेतलं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या स्वतः लष्करात अधिकारी झाल्या. सगळ्यांना हे जमेल असं नाही, आणि जमलंच पाहिजे असंही नाही. पण निरोपाचा बिगुल वाजला म्हणजे बाईचं आयुष्य संपलं, हे खरं नाही, एवढं तरी त्यांनी दाखवलं.

बँडमध्येही आता बदल होतोय. २६ जानेवारी २०२४ ला दिल्लीच्या संचलनाची सुरुवात शंभरहून जास्त महिला वादकांनी शंख, नादस्वरम् आणि नगारे वाजवून केली. ज्या नगाऱ्याला बाईनं हात लावायचा नाही असं म्हणत, तो बायकांनी राजपथावर, म्हणजे आताच्या कर्तव्यपथावर वाजवला.

बँड गेल्यावर

बँड अर्धा-पाऊण तासात परत जातो. मंत्री जातात, गाड्या जातात, मंडप निघतो. तेराव्यानंतर पाहुणेही जातात. मग कागद सुरू होतात. निवृत्तिवेतन, बँकेचं खातं, वारस नोंद, मुलांच्या शाळेचे दाखले. इथं गटाचं काम सुरू होतं.

दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हे जवानांच्या कुटुंबांसाठी आणि माजी सैनिकांसाठीच असतं. रायगडचं अलिबागला आहे. तिथं वीरपत्नी आणि सैनिक विधवांची नोंद होते, योजनांची माहिती मिळते. माजी सैनिक आणि सैनिक विधवांना घरपट्टीतून सूट देण्याचा राज्याचा निर्णय आहे, त्याची ग्रामपंचायतीत चौकशी करा. तिच्यासोबत कार्यालयात जाताना शक्यतो गटातली एखादी लिहिता-वाचता येणारी बाई जावी. आणि तिच्या नावावर आलेले पैसे तिच्याच खात्यात राहतील, याकडे लक्ष ठेवा. भावकीच्या आग्रहापुढे एकटी बाई नाही म्हणू शकत नाही. दहा जणी बसलेल्या असल्या तर म्हणू शकते.

आता बैठकीसाठी प्रश्न.

एक, आपल्या गावातून फौजेत गेलेले, कामी आलेले किंवा आंदोलनात हुतात्मा झालेले कोण कोण होते? म्हाताऱ्या माणसांना विचारून नावं एका वहीत लिहा. नाव नसलं की काय होतं ते आपण बसऱ्याच्या स्मारकात पाहिलं.

दोन, आपल्या ग्रामसभेनं हेरवाडसारखा ठराव केला आहे का? केला असेल तर तो पाळला जातो का? केला नसेल तर पुढच्या ग्रामसभेत तो विषय कोण मांडणार?

तीन, आपल्या गटात नवरा गेलेल्या ज्या मैत्रिणी आहेत, त्यांना हळदीकुंकवाला बोलावतो का आपण?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना एकमेकींच्या डोळ्यांत बघा. उत्तर काय आलं ते आम्हाला पत्रानं नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर नमस्कार.